आधी बोटांनी वाचू दे, मग ऐकू दे

फोंडा, गोवा

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तू व्हायोलिनवर वाजवून पाठवलेले धडे मिळाले. वादन सुरेख आहे, तरीही ते मी मुलांना अजून ऐकवलेले नाही. माझ्या वर्गातल्या अंध मुलांचा कान इतका तयार आहे की चाल दोनदा ऐकली की ती त्यांच्या गळ्यात बसते. मग पानावरचे ब्रेल संगीतलिपीचे ठिपके चाचपण्याची गरजच उरत नाही, आणि मूल वाचते आहे की पाठ म्हणते आहे, हे मलाही कळत नाही.

स्वतः ऑर्गन वाजवणाऱ्या लुई ब्रेलने १८२९ साली आपली पद्धत प्रसिद्ध केली, तीत संगीतलेखनही होते. ब्रेलच्या सहा ठिपक्यांत डावीकडचे वरून खाली १-२-३ आणि उजवीकडचे ४-५-६. आज रूढ असलेल्या लेखनात वरचे चार ठिपके स्वर दाखवतात आणि खालचे दोन, म्हणजे ३ व ६, कालमान. १-४-५ हा क्वेव्हरचा, म्हणजे अर्ध्या ठोक्याचा डो (सा). त्याला ६ जोडला की क्रॉचेट (एक ठोका), ३ जोडला की मिनिम (दोन ठोके), दोन्ही जोडले की सेमीब्रीव्ह (चार ठोके). हे मुले लवकर शिकतात. अडते ते दुसरीकडेच. मराठी ब्रेलमधला 'ग' म्हणजे १-२-४-५, आणि संगीतात तेच ठिपके फा, म्हणजे मध्यम होतात. पेटी शिकलेली एक मुलगी तिथे बोट ठेवून हमखास गंधार गाते. मी कितीही समजावले तरी बोट जुने अक्षर सोडत नाही. पण गाऊन होताच पेटीवर मध्यम वाजवला की ती थबकते, बोट मागे नेते आणि पुन्हा वाचते. ध्वनिमुद्रण मला नेमके या क्षणासाठी हवे आहे.

म्हणून प्रत्येक बार, म्हणजे ठरावीक ठोक्यांचा तुकडा, वेगळा ध्वनिमुद्रित कर. आधी बारचा क्रमांक सांग आणि ठोके मोज, कारण सेमीब्रीव्हचे चिन्ह सेमीक्वेव्हरलाही (पाव ठोक्यालाही) वापरतात आणि कोणते घ्यायचे ते ठोक्यांच्या हिशेबानेच ठरते. मग वाचून गाण्यापुरती शांतता ठेव, आणि त्यानंतरच तो बार संथपणे, व्हायब्रॅटो (स्वराला कंप) न देता वाजव. पुढे तुझ्याकडे व्हायोलिन शिकतानाही त्यांना हीच सवय लागेल, कारण दोन्ही हात वाद्यात गुंतल्यावर पान वाचता येत नाही. बार वाचून, पाठ करूनच गज उचलावा लागतो.

चतुर्थीच्या सुट्टीआधी पहिल्या पानाचे ध्वनिमुद्रण मिळाले, तर मुलांना ते घरी नेता येईल.

तुझा स्नेही