त्या नफ्यात माझेही 110 दिवस आहेत

महोदय,

रविवारची वाहनउद्योगावरची रंगीत पुरवणी वाचली. कागद गुळगुळीत, फोटो झकास. टोयोटा-किर्लोस्करचा छत्रपती संभाजीनगरजवळच्या बिडकीनसाठीचा 20 हजार कोटींचा करार आला, विजेच्या स्कूटरवाल्या एथरचे 2 हजार कोटी आले, बॅटरी आली, कंपन्यांच्या वाढत्या नफ्याचा आलेख आला. आनंद आहे. फक्त वाळूजच्या गल्ल्यांत लेथ चालवणारा एकही माणूस आठ पानांत दिसला नाही.

1985 ला बजाज वाळूजला आली, म्हणून माझ्यासारखे आयटीआयवाले मागाहून इथे पत्र्याचे शेड टाकून बसले. मी गिअरबॉक्सचा शाफ्ट करतो. मोठ्या कंपनीला नाही, तिला माल पुरवणाऱ्याला. विजेच्या स्कूटरला क्लच नाही, पिस्टन नाही, सायलेन्सर नाही, पायाने टाकायचे गिअर नाहीत. ब्रेक, शॉकअप, रिम करणारे निश्चिंत आहेत. कांगावा करत नाही. किक शाफ्टचं काम सेल्फ स्टार्टने खाल्लं तेव्हाही आम्ही गप्पच होतो.

मागच्या वर्षी आमच्या गिऱ्हाईक कंपनीने सगळ्या व्हेंडरांना हॉटेलात बोलावलं. पडद्यावर एकेक पार्ट, आणि नव्या गाडीत जो नाही त्यावर लाल फुली. माझा शाफ्ट आला तेव्हा शेजारच्याने माझ्या मांडीवर थाप मारली. पुढच्याच फुलीला त्याचा क्लच हब गेला. मग समोसे. तिथेच पर्चेसचा पोरगा म्हणाला, "काका, मोटरचा शाफ्ट डेव्हलप करा ना. आत्ता शिरलात तर टिकाल."

शिरलो. बाहेरून ग्राइंडिंग करून घेतलं तर बेअरिंगच्या जागेचं माप बसेना, म्हणून कर्ज काढून जुनं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं ग्राइंडिंग मशीन घेतलं. मशीन थंड असताना एक माप, तासाभराने तापलं की दुसरं. डायलच्या काट्याकडे बघत रात्रीचे दोन वाजायचे. पाच नग दिले. क्वालिटीने पास केले, शिक्क्याचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. दोन महिन्यांनी कळलं, हे काम कंपनी स्वतःच्याच कारखान्यात करणार. नग परत. बिल? "सँपलचं कसलं बिल, काका?"

बरं, सँपल सोडा. चालू मालाचं बिल आज 110 दिवस अडकलंय. सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा 2006 पासून आहे. लघुउद्योग म्हणून केलेल्या 'उद्यम' नोंदणीचं सर्टिफिकेट मी फ्रेम करून भिंतीला लावलंय, उदबत्ती तेवढी ओवाळायची राहिलीय. सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते, पण तक्रार केली की पुढच्या महिन्याच्या ऑर्डरचं शेड्युल शून्य, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि आपल्या पुरवणीत एका बड्या साहेबांच्या 'खेळत्या भांडवलाच्या कुशल व्यवस्थापना'चं कौतुक! अहो, असंच व्यवस्थापन मीही माझ्या कामगारांच्या पगाराचं केलं, तर तिसऱ्या दिवशी शेडला कुलूप लागेल.

वार्ताहराला एकदा इकडे पाठवा. चहा पाजू, शाफ्ट दाखवू. ते पाच नग गंजू नयेत म्हणून ग्रीस लावून गुंडाळून ठेवलेत. कागद आपल्या पुरवणीचाच वापरलाय. गुळगुळीत असला तरी तेल बरं धरतो.

आपला,
एक लघुउद्योजक, वाळूज

ता.क. : त्याच दिवशी पाण्याच्या नव्या पाइपलाइनची बातमी पाचव्या पानाच्या कोपऱ्यात, पंचांगातल्या भविष्याइतक्या बारीक अक्षरांत होती. जायकवाडी धरण उशाला आणि आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी. त्याचीही एखादी रंगीत पुरवणी काढा की.