वाटी अजून आमच्याकडेच आहे, काका

सोलापूर

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. १३ जानेवारीला, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेतल्या तैलाभिषेकाच्या दुपारी, एका बोळाच्या तोंडाशी पारावर रडवेल्या चेहऱ्यानं बसलेलं कुटुंब तुम्हाला आठवत असेल. गुडघे धरून बसलेल्या सासूबाई, तुटलेली चप्पल हातात घेतलेले आमचे हे, वही छातीशी धरलेली नऊ वर्षांची मुलगी आणि ‘पाणी, पाणी’ करणारा धाकटा. ते आम्ही.

सकाळी आम्ही हिरेहब्बू वाड्यापाशी, जिथून मिरवणूक निघते तिथं, मोठ्या उत्साहानं उभे होतो. मी लग्न होऊन सोलापुरात आले त्याला बारा वर्षं झाली. दरवर्षी गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या मैदानावर, पाळण्यात बसायचं, भाग्यश्री बटाटेवडे खायचे, खेळणी घ्यायची, की झाली आमची यात्रा. यंदा मात्र मिरवणुकीतल्या नंदीध्वजांच्या मागून चालायचं, त्या दिवशी तेलाचा अभिषेक होतो त्या गावभरच्या ६८ लिंगांपैकी जमतील तेवढी मुलांना दाखवायची, असं ठरवलं होतं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर, कमरेच्या आधारावर तोललेले ते उंच सात ध्वज. मुलं भान हरपून पाहत होती. पण त्या गर्दीत लिंग काही दिसेना. प्रत्येक ठिकाणी आम्ही पोचेपर्यंत अभिषेक झालेला असायचा आणि पुढे फक्त पाठी. शेवटी मिरवणूकच हातची गेली.

तुम्ही तांब्याभर पाणी घेऊन आलात. सासूबाईंशी कानडीत बोललात, समोरच्या दुकानदाराला तेलुगूत काहीतरी सांगून त्याच्याकडून चपलेला तार बांधून घेतलीत, आणि मग आमच्याकडे वळून म्हणालात, “मिरवणुकीमागं पळू नका. लिंगं कुठं पळून चाललेत व्हय? जिथल्या तिथंच हायेत की आठशे वर्षं झाली.”

त्या एका वाक्यासाठी तुमचे आभार मानायचे आहेत, काका.

त्यानंतर तीन तास तुम्ही आम्हाला हिंडवलंत, आमच्या चालीनं. घरातून तेलाची एक स्टीलची वाटी आणि हळदीची पुडी घेतलीत. वाटेत सगळं सांगत होतात: बाराव्या शतकात या गावाला सोन्नलगी म्हणत, सिद्धरामेश्वरांनी तळं खोदलं, गावाभोवतीच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली. त्यांच्याशी लग्न करायचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येला त्यांनी आपल्या योगदंडाशी लग्न करायची परवानगी दिली, आणि तेच लग्न दरवर्षी लागतं. नंदीध्वज म्हणजे तो योगदंड. “मग आज हळद हाय बघ,” असं तुम्ही मुलीला म्हणालात, तेव्हा बारा वर्षं ऐकलेल्या ‘यण्णीमज्जन’ या शब्दाचा अर्थ मला पहिल्यांदा उलगडला. लग्नाआधीचं तेल आणि हळद!

तिसरं की चौथं लिंग असेल ते. दोन घरांच्या मधे गुडघाभर उंचीची देवळी, आत लिंग, समोर वीतभर नंदी. मुलगी हिरमुसली. म्हणाली, “याच्यावर तर काहीच कोरलेलं नाही.” तुम्ही काही न बोलता वाटी तिच्या हातात दिलीत. तिनं नंदीच्या पाठीवर तेलाची धार सोडली. राखाडी दगड काळा होत गेला आणि त्या काळ्यात हळूहळू रेघा उमटल्या. आधी गळ्यातली घुंगुरमाळ, मग पाठीवरच्या झुलीची किनार, मग दुमडलेला पुढचा पाय. दुसरा पाय उठायच्या बेतात असल्यासारखा. एक कान झिजून नुसता उंचवटा राहिला होता. ती कितीतरी वेळ त्या कानावरून बोट फिरवत होती. “किती जणांनी हात लावला असेल हो आजोबा?” तिनं विचारलं. तुम्ही म्हणालात, “तुझा धरून मोज.”

त्या बोळातल्या आजी रोज सकाळी तिथं पाणी घालतात, फूल वाहतात, हेही तुम्हीच दाखवलंत. कुणी नेमलेलं नाही, पगार नाही. दारासमोरचं लिंग आपलं, एवढंच. एका ठिकाणी लिंगाला अगदी खेटून दुचाकी लावलेल्या पाहून मला वाईट वाटलं. तुम्ही मात्र न चिडता एकेक गाडी सरकवलीत आणि जागा पुसून घेतलीत.

नऊ लिंगं झाली त्या दिवशी. शेवटी घरी नेऊन काकूंनी तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी आणि मिसळीची भाजी वाढली. एरवी भाजीला नाक मुरडणाऱ्या धाकट्यानं ती दोनदा मागून घेतली. काकूंनाही माझा नमस्कार सांगा.

दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर, जिथं ते लग्न लागतं तिथं, अक्षता टाकताना ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ म्हणत मुलं असं ओरडली, जणू घरचंच लग्न होतं. हळदीला आम्ही होतो ना!

आता दर रविवारी सकाळी आम्ही निघतो. तिकीट नाही, रांग नाही, खर्च म्हणाल तर तेल आणि फुलं. मुलीच्या वहीत एकतीस चित्रं झाली आहेत. प्रत्येक नंदीचा कान ती आधी काढते. सासूबाई घरीच थांबतात, पण आम्ही परत आलो की वही हातात घेऊन एकेक पान विचारतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून यातली किती पाहिली होती, हे त्यांना आता आठवायला लागलं आहे. इतक्या वर्षांत त्या कधी बोलल्या नव्हत्या हे.

तुमची वाटी आमच्या पिशवीतून घरी आली. परत द्यायला दोनदा येऊन गेलो. एकदा तो बोळच सापडला नाही, दुसऱ्यांदा घराला कुलूप होतं. वाटी घासूनपुसून देवघरात ठेवली आहे. रिकामी परत करायची नाही, अशी सासूबाईंची ताकीद आहे, म्हणून तिच्यात तिळाच्या वड्या भरून आणणार आहोत. त्याआधी भेट झाली नाही, तर पुढच्या यात्रेत तैलाभिषेकाच्या दुपारी त्याच पारावर बसलेले असू.

तुमची,
वहीवाल्या मुलीची आई
जुळे सोलापूर