नाथांची शुद्ध प्रत आणि तुझा जुना कोड

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर म्हणालास, "हिशेबाच्या प्रोग्रामचा बारा वर्षांचा कोड आहे, आमच्या तिन्ही शाखांच्या सर्व्हरवर वेगवेगळा झालाय. सगळा फेकून नव्याने लिहितो." तेव्हापासून मला एकनाथ महाराज आठवताहेत.

ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९० सालची. पुढे जवळजवळ तीनशे वर्षं ती हाताने नकलून पसरली. कुठे हात चुकला, कुठे जुना शब्द कळेना म्हणून ओळखीचा घातला, कुठे कुणी भक्तिभावाने आपलीच ओवी जोडली. शके १५०६ मध्ये (१५८४) नाथांनी पैठणला तिचा पाठ शुद्ध केला. तेव्हा ते काही नवखे नव्हते. ११ वर्षं आधी काशीत त्यांनी भागवताच्या एकादश स्कंधावरची १८,००० वर ओव्यांची टीका पुरी केली होती. तुटलेल्या जागी स्वतःची ओवी बसवणं त्यांना सहज जमलं असतं. तरी त्यांनी आपली लेखणी बाजूला ठेवली आणि माउलींचा शब्द शोधला.

शेवटी जोडलेल्या ओव्यांत संवत्सर, तिथी, ठिकाण, नाव सगळं आहे. आणि हे बघ: "ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध". म्हणजे ग्रंथ मुळात शुद्धच, बिघडला तो नकलांतल्या पाठभेदांत. मूळ लिहिणाऱ्याला आधीच दोषमुक्त केलं! आपण मात्र जुनी फाइल उघडताच विचारतो, "हे कुणी लिहून ठेवलंय?"

मीही तसाच होतो. हिशेबाच्या एका प्रणालीत १ एप्रिलच्या पहाटे दोनपर्यंतची नोंद आदल्या वर्षात टाकणारी अट होती. वेडगळ वाटली, काढून टाकली. पुढच्या मार्चअखेरीला शाखांचे ताळेबंद जुळेनात, तेव्हा कळलं की वर्षअखेरचं काम मध्यरात्रीनंतरही चालतं. लिहिणाऱ्याला ते ठाऊक होतं. मी विचारलंच नव्हतं.

एक गोष्ट मात्र नाथांहून वेगळी कर. कोणता पाठ गाळला आणि का, हे त्या ओव्यांत नाही. आज ते कळतं तर अभ्यासकांचे किती वाद मिटते! तू काढलेल्या प्रत्येक ओळीमागचं कारण कमिटमध्ये, म्हणजे बदल साठवतानाच्या नोंदीत, लिही, नुसतं "सफाई" नको.

ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालणाऱ्याने अमृताच्या ताटात नरोटी (नारळाची करवंटी) ठेवली, असं नाथ बजावतात. आपल्याला भर घालावीच लागते, जीएसटी बदलतो, बँकेचे नियम बदलतात. पण नाथांनीही स्वतःचं सांगणं भागवतात आणि भारुडांत सांगितलंच की, ज्ञानेश्वरीत घुसवलं नाही. तूही नवे नियम वेगळ्या मोड्यूलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या स्वतंत्र भागात, ठेव.

फेकायच्या आधी तिन्ही शाखांच्या सर्व्हरवरचा कोड मागवून घे. शनिवारी मी येतो, ओळीला ओळ लावून बघू. आणि निवृत्त झालेल्या त्या जुन्या प्रोग्रामरकाकांनाही चहाला बोलाव.

तुझा,
अविनाश