दारामागची बॅग

हमामात्सु, जपान,
20 मे

ती. आप्पा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर मी म्हणालो, इकडच्यासारखी संकटाच्या वेळी उचलून निघायची बॅग कोल्हापुरात आपल्या घरीही भरून ठेवा. त्यावर आप्पा म्हणाले, “बॅग भरून ठेवली म्हणून पंचगंगा थांबणार हाय व्हय?” मागं दादा हसला तेही ऐकू आलं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. चार दिवस डोक्यात तेच घोळत राहिलं, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी लिहायला बसलोय. दादा, तुझ्या मोबाईलवर याचे फोटो टाकतो, रात्री जेवणं झाल्यावर आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव. आज्जीलाही ऐकू दे. मृग तोंडावर आलाय, आणि हे त्याच्या आत व्हायला पाहिजे.

आधी इकडचं सांगतो. खोली घेतली त्याच आठवड्यात शेजारच्या आजीबाईंनी विचारलं, बॅग कुठं ठेवलीस? मला वाटलं कामावरची बॅग विचारतायत. मग त्यांनी मला आपल्या दारात नेलं. चपला काढायच्या जागेत, भिंतीला टेकून एक करडी पाठीवरची पिशवी उभी होती. खाली बसून त्यांनी एकेक वस्तू काढून फरशीवर मांडली. बॅटरी, पाण्याच्या दोन बाटल्या, शिट्टी, कानाच्या मशीनचे सेल, जुन्या नंबरचा चष्मा, दहा येनच्या नाण्यांची पुरचुंडी. नाणी कशाला म्हणून विचारलं, तर मोबाईल बंद पडतात तेव्हा रस्त्यावरचा डबा-फोन चालतो, त्यात ती लागतात. आणि सगळ्यात खाली प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली गोळ्यांच्या वहीची झेरॉक्स. इकडं अशी वही असते. औषधाच्या दुकानात गोळ्या दिल्या की त्यांची नावं, किती मिलिग्रॅम, दिवसातून कितीदा, असं छापलेली चिठ्ठी त्यात चिकटवून देतात. ती झेरॉक्स हातात घेतली आणि मला आपली आज्जी आठवली. का ते पुढं सांगतो.

आप्पा, तुमचा प्रश्न खोटा नाही. बॅगेनं काही थांबत नाही. 2024 च्या 1 जानेवारीला, नव्या वर्षाच्या सुट्टीत, दुपारी चारच्या सुमाराला इकडच्या नोतो भागात 7.6 चा भूकंप झाला. जुनी लाकडी घरं बसली. जे त्याखाली सापडले त्यांना बॅगेचा काय उपयोग? 1995 ला कोबे शहरातल्या भूकंपातही बहुतेक माणसं घराखालीच गेली. म्हणून इकडं पहिलं काम सांगतात ते कपाट भिंतीला बांधायचं, आणि उशाशी बूट ठेवायचे, कारण काचांवरून अनवाणी चालता येत नाही. बॅग त्याच्यानंतरची. जीव वाचला, घराबाहेर पडलो, शाळेच्या हॉलमध्ये अंथरूण टाकलं, आता मदत नीट पोचेपर्यंत तीन दिवस कसे काढायचे, तेवढ्यापुरती ती असते.

आणि तीसुद्धा नीट भरली तर. मी पहिली बॅग दुकानातून तयार आणली होती. आत कागदासारखे हातमोजे, एक मेणबत्ती आणि अंगाला पुरणार नाही असं चंदेरी पांघरूण. मेणबत्ती तर भूकंपानंतर, गॅस गळत असला तर, जीवावरच यायची. ते पैसे वाया गेले. मग मी स्वतः भरायला घेतली आणि जे सुचेल ते कोंबत गेलो. वजन केलं तर 17 किलो. इकडं गड्याला 15 आणि बाईमाणसाला 10 किलोपर्यंत सांगतात, पण मी ती घेऊन चार मजले चढून बघितलं तेव्हा तिसऱ्या मजल्यावर धाप लागली. सगळं वजन पाण्याचं होतं. माणशी दिवसाला 3 लिटर धरायचं म्हणजे तीन दिवसांचे 9 लिटर, 9 किलो पाणीच. आता बॅगेत फक्त दोन बाटल्या, बाकीचं पाणी घरात. बॅग 9 किलोवर आलीय आणि ती घेऊन मी पळू शकतो.

आता आपल्याकडचं. आप्पा म्हणाले, भूकंप सांगून येत नाही, पूर सांगून येतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा किती फूट किती इंच हे तासातासाला मोबाईलवर कळतं, राधानगरी धरणाचे दरवाजे किती उघडले तेही कळतं. मग बॅग कशाला? उठायचं आणि जायचं.

आप्पा, 2019 ला आपण उठलो का?

मी तेव्हा घरीच होतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. ऑगस्टचा पहिला आठवडा. शेडमध्ये गणपती मांडलेले, निम्म्यांचं रंगकाम झालेलं, डोळ्यांची आखणी तुमच्या हातची म्हणून तेवढी राहिलेली. चतुर्थीला महिनाही नव्हता. नदी 39 फुटांवर गेली, इशारा झाला. 43 वर गेली, धोका झाला. जयंती नाल्यातून पाणी उलटं चढायला लागलं तेव्हासुद्धा तुम्ही भिंतीवरच्या त्या रेघेकडं बोट दाखवलंत. 2005 ची रेघ, आज्ज्यानं गेरूनं ओढलेली. “हितपर्यंत आलं हुतं, त्याच्या वर येत न्हाई.” आम्ही सगळ्यांनी ते खरं मानलं. मीही मानलं. मूर्ती रेघेच्या वर, फळ्यांवर चढवल्या आणि बसून राहिलो.

पाणी त्या रेघेवर थांबलंच नाही. लाईट गेलेली, तुम्ही आणि दादा छातीएवढ्या पाण्यात मूर्ती माळ्यावर देत होता, आणि खालच्या रांगेतल्या शाडूच्या मूर्ती बसल्या जागी विरघळत होत्या. एकीचा हात माझ्या हातात आला आणि बोटांमधून गाळ होऊन निघून गेला. तुमचा चेहरा मला बॅटरीच्या उजेडात दिसला होता. तुम्हाला तिथनं हलवायचं धाडस कुणातच नव्हतं. शेवटी आज्जीला पाटावर बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत नेलं, तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते.

शाळेतल्या छावणीत डॉक्टर आले सकाळी. आज्जीचं डोकं गरगरत होतं, बीपी वाढलेलं. त्यांनी विचारलं, कुठली गोळी चालू आहे? आई, तुला आठवतंय? तू म्हणालीस, “पांढरी हाय. बारकी, गोल.” दादा म्हणाला दोन आहेत, एक सकाळची, एक रात्रीची. पाकीट घरी जाळीच्या कपाटात, वरच्या कप्प्यात, आणि कपाट पाण्याखाली. पांढरी बारकी गोल गोळी म्हणजे काय ते कुठलाच डॉक्टर सांगू शकत नाही. त्यांनी अंदाजानं काहीतरी सुरू केलं. आज्जी निभावली. पण ते दोन दिवस मी तिच्या पायाशी बसून काढलेत, ते मी विसरलेलो नाही.

त्या वेळी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. हायवे शिरोलीजवळ बंद, पेट्रोल नाही, भाजी नाही. सगळीकडं पाणी आणि नळ कोरडे, कारण उपसा केंद्रंच बुडालेली. टँकर आला की घागरी घेऊन पळायचं. घरी परत आल्यावर आप्पांनी नवी रेघ ओढली, निळ्या ऑईल पेंटनं, आणि शेजारी 2019 लिहिलं.

2021 च्या जुलैत पाणी त्याच्याही वर, 56 फुटांपुढं गेलं, आणि आपण वेळेत निघालो हे खरं आहे. तेव्हा भीती ताजी होती. पण 2024 च्या जुलैत नदीनं धोका पातळी ओलांडली, मी इकडून रात्रभर फोन लावत होतो, तेव्हा आप्पा, तुम्ही काय म्हणालात? “अजून 55 कुठं झालंय?” आज्ज्याच्या रेघेची जागा निळ्या रेघेनं घेतली होती. मला त्या वाक्याची जेवढी भीती वाटली तेवढी पाण्याची वाटली नव्हती.

पूर सांगून येतो म्हणूनच आपण अडकतो. एक फूट वाढलं, अजून एक बघू. आणि बघता बघता आज्जीला अंधारातून पाटावर न्यायची वेळ येते.

इकडं पुराच्या आणि वादळाच्या इशाऱ्याला पाच पातळ्या आहेत. तिसरी झाली की म्हाताऱ्या माणसांनी, आजाऱ्यांनी, लेकुरवाळ्या बायकांनी निघायचं. चौथी झाली की सगळ्यांनी. पाचवीला निघायची वेळ संपलेली असते, तेव्हा असेल तिथं जीव सांभाळायचा. 2021 च्या आधी चौथ्या पातळीत ‘निघावं’ आणि ‘निघाच’ असे दोन वेगळे शब्द होते. लोक पहिला शब्द ऐकून दुसऱ्याची वाट बघत बसायचे. म्हणून पहिला काढूनच टाकला. मला हे फार पटलं. आपल्या घरात आपण ‘निघावं’ वर किती तास काढले ते मला माहीत आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. 39 ला बॅग दारामागं आली पाहिजे, आणि शाडूच्या मूर्ती त्याच दिवशी, दिवसाउजेडी टेम्पोनं अक्काच्या आर. के. नगरच्या घराकडं. तिकडं उंचावर पाणी येत नाही. जागा कमी पडली तर कुठलं गोडाऊन मिळेल ते दादानं आत्ताच, मे महिन्यात, बोलून ठेवावं. टेम्पोवाल्यालाही आत्ताच सांगावं, त्या दिवशी सगळी गल्ली त्यालाच फोन करत असते. 41 ला आज्जी, वैनी आणि बाळ अक्काकडं. 43 ला उरलेल्या मूर्ती जशा आहेत तशा सोडून आप्पा, आई, दादा. मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, दाराला कुलूप. रेघ कुठली काय, बघायचंच नाही.

बॅग मला यासाठी पाहिजे. भरलेली असली की निघताना विचारायला काही उरत नाही. 2019 ला आपला तास-दीड तास ‘हे घेऊ का, ते घेऊ का’ यातच गेला. आई रेशन कार्ड शोधत होती, दादा गॅसचं पुस्तक, आणि मी उगाच टीव्ही उचलून माळ्यावर ठेवत होतो.

आता काय भरायचं. कागद सगळ्यात आधी, जाड प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत. आधार, रेशन कार्ड, बँकेची पासबुकं, घरफाळ्याची पावती, शेडचं लाईट बिल. पंचनाम्याला मागं पळापळ झाली ती या शेवटच्या दोन्हींपायी. मूर्तींचे फोटोही आत्ताच काढून ठेवा, किती नग, किती उंचीचे, नंतर सांगायला पुरावा राहतो. रोख पैसे, शंभर-पन्नासच्या नोटा. नेटवर्क गेलं की स्कॅनर चालत नाही, आणि पाचशेची नोट त्या दिवसांत कुणी मोडून देत नाही.

आज्जीच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, वेगळ्या डबीत. दादा, तू एका कागदावर मोठ्या अक्षरात त्यांची नावं लिही, डॉक्टरांचा नंबर लिही, आणि तो कागद डबीला रबर लावून ठेव. तिचा दुसरा चष्मा, कवळीची डबी. वैनीला काय लागतं ते वैनीनंच भरावं, ते विसरायला नको. बाळाचं दूध पावडरचं, आणि ते कालवायला उकळून गार केलेलं पाणी बाटलीत. ओआरएस. छावणीत पाणी कसलं मिळेल सांगता येत नाही, म्हणून पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका, लगेच डॉक्टरला दाखवा, लेप्टो असू शकतो.

खायला इकडं गरम पाणी ओतलं की पंधरा मिनिटांत फुगणारा भात मिळतो, गार पाण्यात तासभर लागतो. मी बॅगेत तोच ठेवलाय. पण आपल्याकडं त्याची गरजच नाही. शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, भडंग. आई, तुझ्या दशम्या दोन-तीन दिवस सहज टिकतात, 39 झाले की त्या करायला घे. बाकीचं महिन्याभरानं खाऊन टाकायचं आणि नवीन भरायचं. इकडं तसंच करतात, ठेवलेलं खात जायचं आणि खाल्लेलं आणत जायचं. नाहीतर बॅग उघडली की आत किडे.

मामांचं मात्र मला कळत नाही. प्रयाग चिखलीला पाणी आपल्या आधी येतं, आणि म्हशी सोडून मामा निघणार नाहीत. त्यांना बॅग सांगून उपयोग नाही. आप्पा, तुम्ही एकदा जाऊन बोला, म्हशी आधी कुणाच्या गोठ्यात नेता येतील ते ठरवा. म्हशी हलल्या की मामा आपोआप हलतील. आणि गाठ सुटली नाही तर दावं कापायला विळा दाराशीच ठेवायला सांगा.

मी पार्सल पाठवलंय. त्यात डोक्याला बांधायच्या दोन बॅटऱ्या आहेत, अंधारात सामान उचलताना दोन्ही हात मोकळे राहतील. चार शिट्ट्या आहेत, एक आज्जीच्या गळ्यात अडकवा. आणि एक निळी बॅग आहे. ती भरल्यावर दादानं वजन काट्यावर ठेवून मला फोटो पाठवावा. दहा किलोच्या वर गेली तर काय काढायचं ते मी सांगतो. दुसरी बॅग आईच्या मापाची, घरातली कुठलीही जुनी चालेल.

आज्जीला विचारा, तिला स्वतःला बॅगेत काय पाहिजे. देव्हाऱ्यातला बाळकृष्ण म्हणेल ती. त्याला वजन किती असतंय, ठेवा की.

आणि आप्पा, निळी रेघ राहू दे. तिच्या खाली, दाराच्या चौकटीवर, त्याच रंगानं तीन आकडे काढा: 39, 41, 43. तुमच्या हातचे, आखणीच्या ब्रशनं. मला फोटो पाठवा.

बाळाला गोड पापा.

तुमचा,
धाकटा