ल्यूटनच्या काकांना मनापासून

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

मुलीचा ए-लेव्हलचा, म्हणजे इंग्लंडमधल्या बारावीसारख्या परीक्षेचा, निकाल तुम्हाला फोनवर कळवलाच. तरी चार लोकांसमोर तुमचे आभार मानल्याशिवाय मला राहवेना.

साताऱ्याहून आलो तेव्हा इथल्या शिक्षणाची काहीच माहिती नव्हती. ल्यूटनच्या बऱ्याच शाळा सोळाव्या वर्षीच संपतात आणि अकरावी-बारावीसाठी वेगळ्या कॉलेजात जावं लागतं, हे तुम्ही सांगितलंत. नुसतं सांगून थांबला नाहीत, अशा कॉलेजाच्या, म्हणजे ल्यूटन सिक्स्थ फॉर्म कॉलेजच्या, ओपन इव्हिनिंगला (नव्या मुलांना कॉलेज दाखवायच्या संध्याकाळी) स्वतः सोबत आलात. येताना खाकी पाकिटात जुन्या इमारतीचे फोटो आणलेत. काचेशी उभं राहून एकेक फोटो तिच्या हातात देत होतात, "माझा मुलगा या दारातून आत जायचा," म्हणत होतात. तोवर गप्प गप्प असलेली पोर तिथे प्रश्न विचारायला लागली.

हे कॉलेज म्हणजे मुळात ल्यूटनच्या पार्क स्क्वेअरला 1904 मध्ये सुरू झालेली शाळा, 1938 मध्ये आत्ताच्या जागी, ब्रॅजर्स हिलवर आलेली, पुढे ग्रामर स्कूल झालेली. परीक्षेत निवडलेल्या मुलग्यांनाच तिथे प्रवेश. 1966 मध्ये तिचं सिक्स्थ फॉर्म कॉलेज झालं, देशातल्या अगदी पहिल्या काही कॉलेजांपैकी एक, आणि मुलींनाही दार उघडलं. आत्ताची इमारत 2010 ची. त्याच्या आदल्या वर्षी सरकारी निधी आटून देशभर कॉलेजांच्या बांधकामाचे 144 प्रकल्प अडकले होते, तेव्हा आपल्या गावाला ही वास्तू मिळाली हे मोठंच भाग्य. पण तुमचं म्हणणं मला पुरतं पटलंय: विटा-काचा 2010 मध्ये बदलल्या, खरा कायापालट 1966 मध्येच झाला. तो झाला नसता तर माझ्या मुलीला तिथे पाऊलही टाकता आलं नसतं.

आणि फर्दर मॅथ्स, ए-लेव्हलचं ते जास्तीचं अवघड गणित! ती कचरत होती. दर शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर तुम्ही तिच्याकडून गणितं सोडवून घेतलीत, काकूंनी प्रत्येक वेळी गरम पोहे केले. पैशाचा विषय काढला की तुम्ही रागवायचात. आज ती इंजिनिअरिंगला निघाली आहे.

या वर्षी आमच्या शेजारच्या नाशिकच्या कुटुंबातला मुलगा प्रवेश घेणार आहे. त्याला ओपन इव्हिनिंगला मी नेईन, फोटोंचं पाकीट तेवढं द्याल ना?

रविवारी घरी आहात का? आईने कंदी पेढे पाठवलेत, घेऊन येते. काकूंना नमस्कार.

तुमची,
साताऱ्याची लेक