वजन बरोबर म्हणजे आहार बरोबर नव्हे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझा ९ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे (त्याला ऑटिझम आहे) आणि तो मोजून सहा पदार्थ खातो: कोरडा भात, वेगळ्या वाटीतले बिनफोडणीचे वरण, डाग न पडलेली पोळी, केळे, चुरमुरे आणि एकाच कंपनीची बिस्किटे. वरणात मोहरीचा एक दाणा दिसला तरी वाटी बाजूला सरकते. ‘एक दिवस उपाशी ठेवा, आपोआप खाईल’ हा सल्ला आम्हाला घरच्या वडीलधाऱ्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत अनेकांनी दिला. आम्ही तो एकदा पाळला, तेव्हा दीड दिवस त्याने अन्नाला हात लावला नाही. अशा अनेक मुलांना पोटातली भूक इतरांसारखी नीट जाणवतच नाही, हे आम्हाला नंतर कळले.

चव, वास, स्पर्श यांची जाणीव ज्यांना फार तीव्रतेने होते, त्यांच्यासाठी भेंडीचा बुळबुळीतपणा असह्य असू शकतो. बिस्किट रोज तसेच लागते, संत्र्याची मात्र प्रत्येक फोड निराळी निघते, म्हणून अशी मुले बिस्किटाला धरून राहतात. याला नखरे म्हणणे अन्यायाचे आहे. खाणे फारच आक्रसून आरोग्यावर परिणाम होऊ लागला, तर त्या अवस्थेला ‘आर्फिड’ म्हणतात आणि २०१३ पासून मानसोपचाराच्या अमेरिकी वर्गीकरणात तिची स्वतंत्र नोंद आहे. बारीक होण्याच्या इच्छेशी तिचा संबंध नसतो.

मुलाच्या शाळेत डब्यात पोळी-भाजीच हवी असा नियम होता. एका बाईंनी, अगदी चांगल्या हेतूने, समोर बसवून त्याला भाजी संपवायला लावली. त्याला उलटी झाली आणि पुढचे कित्येक आठवडे त्याने शाळेत डबाच उघडला नाही. घरी मीही अशीच चूक केली होती. कणकेत पालक वाटून घातला, ते त्याच्या लक्षात आले आणि दोन महिने पोळी बंद झाली. सहातला एक पदार्थ गमावणे म्हणजे काय, हे अशा घरातल्यांनाच समजेल. आता नवा पदार्थ वेगळ्या वाटीत, खाण्याची सक्ती न करता, रोज नुसता शेजारी ठेवतो. उकडलेल्या बटाट्याला त्याने बोट लावायला पाच आठवडे घेतले.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सरकारी अनुदानित वा मान्यताप्राप्त शाळांनी अशा विद्यार्थ्याला त्याच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यावी, असे त्यात म्हटले आहे. डब्याच्या नियमातून सूट, गोंगाटापासून दूर बसून खाण्याची मुभा, ओळखीचे ताट-चमचा आणू देणे, यांना पैसे लागत नाहीत. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणे व अतिचंचलता) मिथाइलफेनिडेट हे औषध घेणाऱ्या मुलांची दुपारची भूक बऱ्याचदा मरते, तेव्हा भरलेला डबा परत आला म्हणून त्यांना शिक्षा होऊ नये. त्यांना गोळीआधी पोटभर न्याहारी आणि संध्याकाळी भूक परतल्यावर जेवण मिळाले, तर बरीच भर निघते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातले पथक शाळेत येऊन मुलांची उंची-वजन घेते. माझ्या मुलाचे वजन वयाला साजेसे निघाले, म्हणून तो ‘ठीक’ ठरला. नंतर खासगीत तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन अवघे ९ होते. भात-बिस्किटांवर वजन भरते, पण लोह आणि जीवनसत्त्वे भरून येत नाहीत. अगदी मोजके खाणाऱ्या स्वमग्न मुलांमध्ये ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही झाल्याच्या आणि पाय दुखून चालणे थांबल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

आरोग्य विभागाला माझी विनंती आहे की, या तपासणीत पालकांना एक प्रश्न जरूर विचारावा: ‘मूल एकूण किती पदार्थ खाते?’ उत्तर दहाच्या आत आले, तर वजन न पाहता त्याला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (वाढीत अडचणी असलेल्या मुलांच्या उपचार केंद्रात) पाठवावे आणि तिथे आहारतज्ज्ञ व ऑक्युपेशनल थेरपिस्ट (खाण्यासारख्या रोजच्या कृती जमाव्यात म्हणून मदत करणारे तज्ज्ञ) यांनी त्याला एकत्र तपासावे.

आपली नम्र,
एक आई, नाशिक