ओंकार, त्या कागदावर सही करू नको

प्रिय ओंकार,

रविवारी तुझा फोन मधेच कट झाला, तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय, म्हणून टाईप करतोय, फोन हातात मिळेल तेव्हा वाच. अख्ख्या प्लाटूननी रात्री लंगरमधे जेवण घेतलं नाही आणि आता अर्जावर सह्या चालल्यात म्हणालास. सही करू नको. एवढंच सांगायचं होतं.

7 मे ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हापासून घरात टीव्ही बंद नाही, 10 तारखेला शस्त्रसंधी झाली तरी तुझ्या आईला झोप नाही. सुट्ट्या सगळ्यांच्याच रद्द झाल्या, त्यावर चिडून उपयोग नाही. पण अंगात ताप असताना त्या पोराला ट्रेनिंगच्या उस्तादनी शिक्षा म्हणून रगडा दिला हे चूकच, आणि तुम्ही त्याच्यासाठी उभे राहिलात हे ऐकून छाती फुगली माझी. आणि जिवाला घोर पण लागला.

तात्याआजोबा आठवतात ना? कुलाब्याला नेव्हीच्या ‘तलवार’ केंद्रावर सिग्नलचं ट्रेनिंग घेत होते. 18 फेब्रुवारी 1946 ला तिथल्या पोरांनी असंच जेवण नाकारलं, निकृष्ट जेवण आणि वर गोऱ्या साहेबाच्या शिव्या. बघता बघता बंदरातल्या जहाजांवर पसरलं, पार कराचीपर्यंत गेलं. 23 ला शरण आले, कुणावर सूड उगवू देणार नाही असं सरदार पटेलांनी सांगितलं होतं, तरी शेकडो पोरांना घरी पाठवलं, आणि स्वातंत्र्य मिळालं तरी नेव्हीत परत घेतलं नाही. तात्या मग जन्मभर गिरणीत. ताटात आमटी वाढली की आधी बोटानं पसरून खडा बघायचे आणि मगच भात कालवायचे, शेवटपर्यंत.

तिथे परकं सरकार होतं, तुमचं तसं नाही, मला कळतं. पण आर्मी ॲक्टचं कलम 37 वाच, ते बंडाचं आहे, मिळून केलं की त्याचा अर्थच बदलतो. तक्रार एकट्यानं करायची, कलम 26 त्यासाठीच आहे, कंपनी कमांडरसमोर सावधान उभं राहून जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच सांगायचं. त्यात तू अग्निवीर, चार वर्षांनी शंभरातले पंचवीसच ठेवणार, रेकॉर्डमधे शिक्षेची एक लाल शाईची एंट्री पडली तर कोण विचारणार तुला? असो, लेक्चर झालं, माफ कर.

भरतीच्या आधी पहाटे अंधारात बायपासला पळायचास, मी मागून गाडीचा लाईट मारत यायचो, दम लागला तरी थांबायचा नाहीस, उलट मलाच ओरडायचास, आप्पा स्पीड वाढवा. तसाच हट्टी आहेस म्हणून तर भीती वाटते.

गप्प बस असं नाही म्हणत मी. त्या पोरासाठी बोल, जरूर बोल, पण स्वतःच्या तोंडानं बोल, कागदावर नाव नको. आणि सही करून बसला असशील तर लपवू नको, पहिल्यांदा मला सांग, आईला नंतर बघू.

त्याचा ताप उतरला का? डॉक्टरकडे, एमआय रूमला नेलं का त्याला? त्याच्या घरी कळवलंय का कुणी, नाहीतर नंबर पाठव, मी बोलतो त्याच्या वडलांशी.

तुझा,
आप्पा